उरलंसुरलं

पावणेदोनला पतिराम नान्हेचा फोन:
"इंजन चालू आहे वो बाई, पन करंट नाही निघून रायला."
लाइन एक वाजता गेली होती.
गोल टाक्यांत तीन दिवसांचं मत्स्यजिरं,
रोहूचं, कटल्याचं.
पाणी फिरलं नाही तर ते तळाशी बसतं,
बसलं की उठत नाही.

साकोलीहून स्कूटीवर निघाले, पायाशी मीटरचा डबा.
शेडमध्ये धूर,
आणि पतिराम टॉर्च मारतोय
इंजिनावर नाही, माझ्या तोंडावर.
बाहेर त्याची सून अन् दोन पोरं
गंजानं पाणी उचलून उंचावरून परत ओतत होती
टाकीला श्वास मिळावा म्हणून.

आवाज चांगला होता. पंधराशेचा.
इतक्या वर्षांनी कानालाही आकडे कळतात.
डिझेल, पाणी, ऑइल, सगळं आहे,
पट्टा ताठ,
फक्त पॅनेलवरचा काटा शून्यावर आडवा.

एमसीबी पाहिला. फ्यूज पाहिला.
कार्बन ब्रश काढले, अर्ध्याहून जास्त शिल्लक.
रिंगांवरचा हिरवा थर पॉलिशपेपरनं घासला,
पुन्हा सुरू केलं, पुन्हा शून्य.
एव्हीआरच्या मागे उंदराचं घर:
तनीस, कापूस, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कोपरा.
वायर मात्र एकही कुरतडलेली नाही.
वाईट वाटलं.
कुरतडलेली वायर निदान दिसते.

मग मीटर लावला थेट आउटपुटला.
नुसतं फिरण्याचे म्हणून
चार-पाच व्होल्ट असतातच.
होते शून्य पूर्णांक तीन.

आयटीआयत गुंडावार सर सांगायचे,
पडून राहिलं की लोखंड विसरतं
आपण चुंबक होतो ते.
मग कितीही फिरवा, ते फक्त फिरतं.
आठवण द्यायची, फार नाही,
बारा व्होल्ट, दोन सेकंद.
आणि अधिक-उणे चुकवू नकोस पोरी,
उलटी आठवणही तेवढीच पक्की बसते.

सेटची बॅटरी जवळच होती, पण तिचं उणं बॉडीला,
म्हणून स्कूटीची काढली.
एव्हीआरच्या दोन तारा सोडवल्या,
मध्ये एक बल्ब घातला,
लाल तार दोनदा तपासली, मग तिसऱ्यांदा,
आणि टेकवली.
एक.
दोन.
एवढीशी ठिणगी. मीटरवर सहा.
सहा म्हणजे पुष्कळ.

इंजिन बंद केलं तारा जोडायला.
तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं
गंजातून पडणारं पाणी,
आणि सून काहीतरी पुटपुटत होती,
बहुतेक मोजत होती.

चालू केलं.
काटा उठला, चाळीस, एकशे तीस,
जरा थबकला,
दोनशे तीस.
पंप खोकला आणि पाणी वळलं.

रजिस्टर मागितलं सवयीनं.
दर सोमवारी दहा मिनिटं. बावन्न सोमवार.
एकच पेन, एकच सही, एकाच बैठकीतली.
वर तास-मीटरशेजारी माझाच गेल्या जूनचा स्टिकर:
दोनशे बारा पूर्णांक चार.
आता मीटरवर दोनशे तेरा पूर्णांक नऊ,
वरचा दीड तास आजच्या रात्रीचा.

"डिझेलचे पैसे दिवाळीपासून नाही देले,"
पतिराम टॉर्चशी बोलला.
"सचिव म्हने, सही करत जाय."

मी काही म्हटलं नाही.
रिपोर्टात कारणाचा रकाना असतो,
लिहिलं: चुंबकत्व गेलं.
का गेलं, याला रकाना नाही.

उजाडताना एका टाकीत जिरं हललं,
राख वाऱ्यावर हलते तसं.
दुसरीचं मला सांगता येईना.
तिसरीच्या तळाशी पांढरं.
सून ते जुन्या लुगड्यानं गाळत होती, सावकाश,
जणू त्यातून वेगळं काही निघेल.

पतिरामनं रजिस्टर गुडघ्यावर घेतलं.
वार लिहिला, गुरुवार.
सुरू केल्याची वेळ लिहिली, दीड.
बंद केल्याची वेळ रिकामी ठेवली.
सेट अजून चालू होता.